अठराव्या शतकातील उमरावी तैलचित्र कसे पाहावे: नवख्यांसाठी एक क्रम

लंडन, एडिंबरा किंवा पॅरिसच्या एखाद्या मोठ्या संग्रहालयात प्रथमच जाणारा प्रेक्षक अठराव्या शतकाच्या दालनात पोहोचला की त्याची चाल आपोआप वाढते. भिंतींवर रेशमी वस्त्रांतील स्त्रिया आणि लाल कोटातील पुरुष ओळीने उभे असतात, खालच्या फलकांवर अपरिचित सरदार घराण्यांची नावे असतात, आणि चार चेहरे पाहून झाल्यावर पाचवा वेगळा वाटेनासा होतो. हा दोष त्या चित्रांचा नाही, पाहण्याच्या क्रमाचा आहे. आपण सवयीने प्रथम चेहरा पाहतो, तो ओळखीचा नसल्यामुळे दोन क्षणांत पुढे सरकतो, आणि ज्या गोष्टींसाठी त्या काळच्या गिऱ्हाइकाने खरोखर पैसे मोजले होते त्या सगळ्या न पाहताच राहतात. म्हणून या लेखात सुचवलेला क्रम उलटा आहे: चेहरा सर्वांत शेवटी पाहावा.

हा क्रम समजावून सांगण्यासाठी मी एकच चित्र समोर ठेवतो. टॉमस गेन्सबरो या इंग्लिश चित्रकाराने १७७५ ते १७७७ या काळात रंगवलेले ‘द ऑनरेबल मिसेस ग्रॅहम’ हे तैलचित्र एडिंबरा येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. चित्रातील मेरी ही नवव्या लॉर्ड कॅथकार्टची मुलगी. तिचे वडील रशियात ब्रिटनचे राजदूत होते, आणि १७७४ मध्ये टॉमस ग्रॅहम या स्कॉटिश जमीनदाराशी तिचे लग्न झाले. चित्र सुरू झाले तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची होती. ज्यांना एडिंबऱ्याला जाणे शक्य नाही त्यांनी कलादालनाच्या संकेतस्थळावरील मोठी प्रतिमा संगणकावर उघडावी. दूरध्वनीच्या लहान पडद्यावर पुढच्या निम्म्या पायऱ्या निरुपयोगी ठरतील.

पहिली पायरी: लांब उभे राहा आणि आकार मोजा

फलकावरील मजकुरापैकी सुरुवातीला फक्त तीन गोष्टी वाचाव्यात: नाव, वर्ष आणि मापे. बाकीचा मजकूर नंतरसाठी ठेवावा, कारण तो आधी वाचला की डोळे फलकाने सांगितलेलेच शोधत राहतात. मग चित्राच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर तरी मागे सरकावे.

इंग्लंडमध्ये त्या काळी व्यक्तिचित्रांचे आकार ठरलेले असत आणि कॅनव्हासही त्याच मापांत तयार मिळत. डोके व खांदे दाखवणारे चित्र साधारण ७६ × ६३ सेंटिमीटरचे, गुडघ्यापर्यंतचे साधारण १२७ × १०२ सेंटिमीटरचे, आणि नखशिखान्त उभी आकृती दाखवणारे साधारण २३९ × १४७ सेंटिमीटरचे. दरही आकारानुसार ठरत. गेन्सबरोचा प्रतिस्पर्धी आणि लंडनच्या रॉयल अकादमी या चित्रकारांच्या संस्थेचा पहिला अध्यक्ष सर जोशुआ रेनॉल्ड्स १७६४ मध्ये केवळ मस्तकचित्रासाठी ३० गिनी (गिनी म्हणजे त्या काळचे सोन्याचे नाणे) घेत असे आणि पूर्णाकृतीसाठी १५० गिनी. म्हणजे चित्राचा आकार पाहूनच गिऱ्हाइकाने काय मागवले होते आणि ते कोठे लावायचे होते, याचा अंदाज बांधता येतो. मिसेस ग्रॅहमचे चित्र सुमारे २३७ × १५४ सेंटिमीटरचे आहे. सामान्य घरात हे चित्र उभेही राहणार नाही. उंच छताच्या दिवाणखान्यासाठी, आणि त्याआधी वार्षिक प्रदर्शनात लंडनच्या समाजाने पाहावे यासाठी, ते रंगवलेले आहे. १७७७ च्या रॉयल अकादमी प्रदर्शनात ते मांडले गेले. त्यापूर्वीची चार वर्षे गेन्सबरोने अकादमीशी बिनसल्यामुळे तेथे चित्रे पाठवलीच नव्हती, त्यामुळे या पुनरागमनात त्याला स्वतःचेही काही सिद्ध करायचे होते.

चित्र किती उंचीवर टांगले आहे, हेही याच वेळी पाहावे. गेन्सबरोचा याबाबतीत इतका आग्रह होता की १७८४ मध्ये अकादमीने त्याची चित्रे त्याच्या मते फार उंच लावली, तेव्हा त्याने ती परत नेली आणि पुन्हा कधीही तेथे चित्र मांडले नाही. हा हेकेखोरपणा नव्हता. त्याच्या नाजूक रंगलेपनाची गंमत डोळ्यांच्या पातळीपासून फार वर गेली की दिसतच नाही. संग्रहालयात एखादे चित्र उंच लावलेले असेल तर त्याबद्दलचे मत तूर्त राखून ठेवावे.

दुसरी पायरी: उभे राहण्याची ढब आणि मागचा देखावा

आता आकृतीकडे केवळ बाह्यरेषा म्हणून पाहावे. वहीत चार-पाच रेषांत ती उतरवता आली तर फारच चांगले. चित्रकला येत नसली तरी चालते, कारण हे रेखाटन कोणाला दाखवायचे नसते. मेरी एका चौथऱ्यावर कोपर टेकून उभी आहे, मागे भव्य स्तंभ आहेत आणि एका बाजूला अंधारत जाणारी झाडी आहे. स्कॉटलंडमधील तिच्या घराचा हा कोपरा नव्हे. स्तंभ, चौथरा आणि झाडी यांची ही जुळणी सतराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार अँथनी व्हॅन डाइक याच्याकडून आली आहे. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सच्या दरबारातील स्त्री-पुरुषांना त्याने ज्या डौलाने उभे केले, तो डौल पुढची दीडशे वर्षे इंग्लिश उमरावांना हवाहवासा वाटत राहिला. गेन्सबरोने व्हॅन डाइकच्या चित्रांच्या नकला करून तो अभ्यासला होता. दालनातील शेजारच्या दोन-तीन चित्रांत असाच स्तंभ, असाच पडदा, असेच टेकलेले कोपर आढळते का, ते पाहावे. बहुतेक वेळा आढळतेच, आणि त्यामुळे हिरमुसण्याचे कारण नाही, कारण ठरीव चौकटीत चित्रकाराने कोठे बदल केला तेच आपल्याला पुढे शोधायचे आहे.

याच मुद्द्यावर पुण्यातले एक उदाहरण फार बोलके आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला आणि पुणे दरबारातील ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पुण्यात काम करू लागला. त्याने १७९२ मध्ये तैलरंगात रंगवलेले सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांचे चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे होते, म्हणजे जवळजवळ मेरीच्याच वयाचे. मात्र त्यांना स्तंभाला टेकवून उभे करणे शक्यच नव्हते. मराठी दरबारात मोठेपण बैठकीवरून ठरते: कोण बसतो, कोणाच्या किती जवळ बसतो आणि कोण मागे उभा राहतो. वेल्सने पेशव्यांना बसवले, शेजारी नानांना बसवले आणि सेवकांना सोबत घेतले. रंग युरोपचे, कॅनव्हास युरोपचा, पण मानमरातबाची मांडणी शनिवारवाड्याची. ज्यांच्या डोळ्यांना व्हॅन डाइकचे संकेत परके वाटतात त्यांनी आधी हे चित्र पाहावे. ओळखीच्या संकेतांवरून परके संकेत लवकर उमगतात.

तिसरी पायरी: कपडे, आणि ते कोणी रंगवले

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. नवखा प्रेक्षक असे धरून चालतो की चित्रातील पोशाख हाच त्या व्यक्तीचा नित्याचा पोशाख. अठराव्या शतकात हे बहुधा खरे नसते. मेरीने घातलेला पोशाख, म्हणजे किरमिजी घागरा, त्यावर वर ओढून घेतलेले चंदेरी रेशीम, उभी लेसची कॉलर, मोत्यांच्या माळा आणि शहामृगाच्या पिसांची टोपी, हा तिच्या जन्माच्या शंभरेक वर्षे आधीच्या थाटाचा आहे. अशा पोशाखाला तेव्हा व्हॅन डाइक पद्धतीचाच म्हणत, आणि मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात व चित्रांत तो फार लोकप्रिय होता. त्यामागे व्यवहाराचा विचार होता: चालू फॅशनचे कपडे दहा वर्षांत जुनाट वाटू लागतात, पण आधीच जुना असलेला पोशाख पुन्हा जुना होत नाही. शिवाय चालू पिढीतील घराणे पूर्वीच्या दरबारी घराण्यांच्या रांगेत जाऊन बसते.

यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की गेन्सबरोला स्वतःला हे सोंग फारसे मान्य नव्हते. १७७१ मध्ये लॉर्ड डार्टमथला लिहिलेल्या पत्रात त्याने स्पष्ट म्हटले होते की साम्य हेच व्यक्तिचित्राचे मुख्य सौंदर्य आणि मुख्य प्रयोजन आहे, आणि बनावट पोशाखामुळे ते साम्यच बिघडते. सहा वर्षांनी त्यानेच मेरीला असा पोशाख घातला. मला यात तत्त्वच्युती दिसत नाही. पोशाख जुन्या काळचा घेऊनही माणूस आजचा ठेवता येतो का, हा प्रश्न तो या चित्रात तपासत होता असे मला वाटते, आणि त्याचे उत्तर शेवटच्या पायरीत तपासता येईल.

पोशाखाची निवड किती गंभीर बाब होती, हे फ्रान्समध्ये १७८३ मध्ये दिसले. एलिझाबेथ व्हिजे ल ब्रन हिने राणी मारी अँत्वानेतला साध्या पांढऱ्या मलमलीच्या झग्यात रंगवले आणि ते चित्र पॅरिसच्या सलोन प्रदर्शनात लावले. राणीला अशा घरगुती वस्त्रांत दाखवल्याबद्दल एवढा गहजब झाला की चित्र काढून घ्यावे लागले, आणि त्याच वर्षी हातात गुलाब घेतलेल्या राणीचे रेशमी पोशाखातील चित्र तयार झाले. राणीने फ्रान्सच्या विणकरांचे रेशीम सोडून परक्या देशाची मलमल पांघरली, हाही लोकांच्या रागाचा भाग होता. दोन्ही चित्रांच्या प्रतिमा शेजारी ठेवून पाहाव्यात. चेहऱ्यात फारसा फरक नाही. सारे वादळ कापडावरून झाले.

आता दुसरा प्रश्न: हे कापड रंगवले कोणी? लंडनमधील व्यस्त चित्रकार केवळ डोके स्वतः रंगवून बाकीचा कॅनव्हास वस्त्रे रंगवणाऱ्या कारागिराकडे पाठवत असत. अँटवर्पहून आलेला जोसेफ व्हॅन आकेन हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. टॉमस हडसन आणि ॲलन रॅम्झी यांच्यासारखे चित्रकार त्याच्यावर इतके विसंबून होते की १७४९ मध्ये तो वारला तेव्हा विल्यम होगार्थ या इंग्लिश चित्रकाराने शोकाकुल चित्रकारांच्या अंत्ययात्रेचे व्यंगचित्र काढले. रेनॉल्ड्सकडे १७५८ या एका वर्षात सुमारे १५० माणसे चित्रासाठी बसली. इतक्या कामात मदतनीस अपरिहार्यच होते. म्हणून चेहऱ्याचा आणि बाहीचा हात एकच आहे का, हे डोळ्यांनी तपासावे. बाही काटेकोर, चुण्या नियमित आणि चेहरा मोकळ्या हाताने रंगवलेला असेल, तर दोन माणसांचे काम असण्याची शक्यता बळावते. गेन्सबरो याला मोठा अपवाद होता. त्याचा भाचा मदतीला असला तरी वस्त्रे रंगवण्यात त्याला स्वतःलाच सर्वाधिक आनंद होता, आणि मेरीच्या रेशमावरून तो सहज कळतो.

चौथी पायरी: हात आणि हातातील वस्तू

हे थोडक्यात उरकता येते. हातातील वस्तू बहुधा हुद्दा, व्यासंग किंवा मालमत्ता सांगते: सेनापतीचा दंड, पुस्तक, बंदूक, जमिनीचा नकाशा. मेरीच्या हातात केवळ एक शहामृगाचे पीस आहे, तेही सैल धरलेले. त्या पिसाने काहीही सिद्ध करायचे नाही, आणि एवढ्या थाटाच्या चित्रात असे निष्काम काहीतरी असणे हे चित्रकाराच्या जाणिवेचे लक्षण आहे.

पाचवी पायरी: जवळ जा

संग्रहालयाने आखलेल्या मर्यादेबाहेर न जाता शक्य तितके जवळ जावे. दुरून जे चंदेरी रेशीम वाटत होते त्याचे येथे तुटक, तिरपे, पातळ फटकारे होतात. काही फटकारे कोठे जातात आणि कशासाठी आहेत, हे कळतही नाही. एक पाऊल मागे, आणखी एक पाऊल मागे, असे हळूहळू सरकत राहिले तर एका ठरावीक अंतरावर ते पुन्हा कापड होतात. ते अंतर शोधणे हाच या पायरीचा अभ्यास आहे. गेन्सबरो वारल्यानंतर १७८८ च्या डिसेंबरात रेनॉल्ड्सने अकादमीत त्याच्यावर जे व्याख्यान दिले त्यात याच गोष्टीचे वर्णन आहे: जवळून अर्थहीन वाटणारे ओरखडे आणि खुणा विशिष्ट अंतरावरून जणू जादूने आकार घेतात. आयुष्यभराच्या प्रतिस्पर्ध्याने दिलेली ही दाद आहे, आणि ती अचूक आहे. गेन्सबरो लांब दांड्यांचे कुंचले वापरत असे आणि अंधारलेल्या खोलीत काम सुरू करत असे, म्हणजे तपशील आपोआप गळून पडत आणि मोठे आकार तेवढे उरत.

रंगांपैकी तीन ओळखायला शिकावेत. शिशापासून केलेला पांढरा दाट असतो, तो उजेडाच्या टोकांवर, म्हणजे मोती, लेस, कपाळ येथे उठून दिसतो. निळ्या रंगासाठी १७०० नंतरच्या दशकात बर्लिनमध्ये लागलेला प्रशियन निळा स्वस्त आणि प्रखर होता, त्यामुळे या शतकातील निळ्या वस्त्रांत तो सर्रास सापडतो. लाल रंगात मात्र दोन प्रकार वेगळे करावेत: हिंगूळ अपारदर्शक आणि टिकाऊ, तर कोचिनील किड्यांपासून केलेले किरमिजी रंग पारदर्शक आणि उजेडाने उडणारे. रेनॉल्ड्सने गालांच्या लालीसाठी हा उडणारा रंग वापरल्यामुळे त्याच्या अनेक चित्रांतील चेहरे त्याच्या हयातीतच फिकट पडू लागले. म्हणून त्या स्त्रिया पांढऱ्याफटक होत्या असा निष्कर्ष काढू नये.

सहावी पायरी: बाजूने पाहा

चित्राच्या कडेला उभे राहून पृष्ठभागावरून तिरपी नजर टाकावी. जुन्या तैलरंगाला बारीक जाळीदार तडे असणे स्वाभाविक आहे. रुंद, मगरीच्या पाठीसारखे तडे गडद भागांत दिसले तर चित्रकाराने डांबरवर्गीय तपकिरी रंग वापरला असण्याची शक्यता असते, कारण तो कधीच पुरता वाळत नाही. रेनॉल्ड्सच्या चित्रांचे हे ठळक दुखणे आहे. संपूर्ण पृष्ठभाग इस्त्री केल्यासारखा सपाट असेल तर पूर्वी कधीतरी मागे दुसरा कॅनव्हास गरम इस्त्रीने चिकटवताना रंगाचे उंचवटे दबले असावेत. सगळ्या चित्रावर मधासारखी पिवळट झाक असेल तर ती बहुधा जुन्या वार्निशाची असते, चित्रकाराची नव्हे. एवढे तीन प्रश्न नवख्याला पुरेत.

सातवी पायरी: आता चेहरा

एवढे सगळे पाहून झाल्यावर मेरीच्या चेहऱ्याकडे यावे. ती आपल्याकडे पाहत नाही. एवढा स्तंभ, एवढी पिसे, एवढे रेशीम मागे लावून तिला जगासमोर उभे केले आहे, आणि तिची नजर मात्र बाजूला कोठेतरी लांब गेली आहे. चेहऱ्यावरचे रंगलेपन वस्त्रांपेक्षा कितीतरी शांत आणि एकसंध आहे. रेशमावर धावणारा हात येथे जपून चालतो. पोशाख उतरवून ठेवला तरी ही मुलगी ओळखू येईल, असे येथे वाटते, आणि डार्टमथला लिहिलेल्या पत्रातील आग्रह चित्रकाराने सोडला नव्हता हे पटते. चेहरा आधी पाहिला असता तर ‘सुंदर आहे’ यापलीकडे फारसे काही म्हणता आले नसते.

आठवी पायरी: चित्राचे पुढचे आयुष्य

आता फलक पूर्ण वाचावा आणि चित्र येथवर कसे आले ते विचारावे. मेरी क्षयाने आजारी पडली आणि जून १७९२ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बोटीवर वारली. शव मायदेशी नेत असताना तुलूझजवळ क्रांतिकाळातील रक्षकांनी शवपेटी फोडली. शेतीवाडीत रमणारा टॉमस ग्रॅहम त्यानंतर फ्रान्सविरुद्ध लढण्यासाठी वयाच्या पंचेचाळिशीत सैन्यात शिरला, पुढे जनरल आणि लॉर्ड लिनडॉक झाला. त्याने दुसरे लग्न केले नाही. पत्नीचे हे चित्र पाहणे त्याला सोसेना, म्हणून त्याने ते नजरेआड ठेवले. १८४३ मध्ये तो वारल्यानंतर चित्र त्याच्या वारसाकडे गेले, आणि १८५९ मध्ये मृत्युपत्रान्वये कलादालनाला मिळाले. ते स्कॉटलंडबाहेर कधीही जाऊ नये अशी अट त्यासोबत होती.

प्रत्येक चित्राचा इतिहास इतका हृदयस्पर्शी नसतो, आणि काहींचा अस्वस्थ करणारा असतो. या रेशमाचे पैसे कोठून आले, हा प्रश्न विचारायला संकोचू नये. त्या काळच्या अनेक ब्रिटिश घराण्यांची संपत्ती वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमावर किंवा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानातून केलेल्या कमाईवर उभी होती, आणि आता काही संग्रहालये ते फलकावर लिहूही लागली आहेत.

सराव कोठे करावा

परदेशी जाण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेली युरोपीय तैलचित्रे आहेत. बडोद्याच्या संग्रहालयाशेजारील चित्रदालनात सयाजीराव गायकवाडांनी जमवलेली युरोपीय चित्रे आहेत. कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये योहान झोफनीने रंगवलेले वॉरन हेस्टिंग्ज व त्याच्या पत्नीचे चित्र आहे, आणि उमरावी चित्राचे सारे संकेत कंपनीच्या अधिकाऱ्याने कसे अंगीकारले ते त्यात पाहता येते. यांतली सगळी चित्रे अठराव्या शतकातील नाहीत, पण आकार, ढब, वस्त्रे, हात, पृष्ठभाग आणि मग चेहरा हा क्रम कोणत्याही काळच्या व्यक्तिचित्राला लावता येतो.

एका भेटीत दोनच चित्रे निवडावीत, शक्यतो एकाच आकाराची पण वेगवेगळ्या चित्रकारांची, आणि प्रत्येकासमोर अर्धा तास तरी थांबावे. वहीत नोंद करताना आधी दिसलेले लिहावे, अर्थ दुसऱ्या रकान्यात लिहावा. काही महिन्यांनी त्याच चित्राकडे परत जाऊन पहिल्या रकान्यात भर घालावी, आणि दुसऱ्यातले जे टिकत नसेल ते खोडावे.